मोहम्मद रफी : जन्मभर विद्यार्थी राहिलेला गायक

वाचकहो, गायकाचा गळा आपल्याला रेडिओवरून ओळखता येतो, पण माणूस ओळखायचा तर त्याला भेटावेच लागते. मोहम्मद रफी यांना जाऊन आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यांना प्रत्यक्ष भेटलेली माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. तरीही त्यांच्याविषयी जे जे सांगितले गेले, लिहिले गेले, त्यात एक गोष्ट सारखी आढळते. त्यांना भेटायला गेलेला माणूस घाबरत घाबरत जाई आणि परतताना आपण कोणी मोठे आहोत असे वाटून परते. रफीसाहेब हळू बोलत, थोडे बोलत आणि समोरच्याकडे पाहून हसत. कोणी गाण्याची स्तुती केली, तर बोट वर करून देवाकडे दाखवीत. एवढ्या मोठ्या कीर्तीच्या माणसाला आपल्याजवळ सांगण्यासारखे काहीच नसावे, याचे भेटणाऱ्यांना नवल वाटे.

हा साधेपणा त्यांच्यात आला कुठून? मला वाटते, त्याचे कारण त्यांच्या चरित्रातच सापडते. हा माणूस पहिल्या दिवसापासून अखेरच्या दिवसापर्यंत विद्यार्थी राहिला. जो शिकत असतो त्याला गर्व करायला सवड मिळत नाही.

न्हाव्याच्या दुकानातला मुलगा

मोहम्मद रफी यांचा जन्म २४ डिसेंबर १९२४ रोजी पंजाबात, अमृतसरजवळच्या कोटला सुलतानसिंग या खेड्यात झाला. घरात गाण्याची परंपरा नव्हती. गावात एक फकीर गात गात भिक्षा मागायला येई. लहानगा रफी त्याच्या मागे मागे फिरे आणि त्याच्या गाण्याची नक्कल करी. त्यांच्या गायनाची पहिली शाळा ती हीच. आपल्या पूर्वजांच्या कोकणातही वासुदेव पहाटे गात गात दारी येत असे. खेड्यातल्या पोराला सूर बहुधा असाच, चालत दारी आलेला भेटतो.

पुढे १९३५ च्या सुमारास कुटुंब लाहोरला आले. तेथे भाटी दरवाजाच्या भागात वडिलांनी केशकर्तनालय चालवले. रफी दुकानात असत आणि काम करता करता गुणगुणत. हजामतीसाठी बसलेली गिऱ्हाइके हीच त्यांची पहिली श्रोतेमंडळी! थोरल्या भावाचे एक मित्र अब्दुल हमीद यांनी त्या गळ्याची किंमत ओळखली आणि मुलाला गाणे शिकू द्यावे म्हणून घरच्यांचे मन वळवले. रफींना गुरूही चांगले लाभले. उस्ताद अब्दुल वाहिद खाँ, पंडित जीवनलाल मट्टू आणि फिरोज निझामी यांच्याकडून त्यांनी शास्त्रोक्त संगीताचे धडे घेतले. एक गुरू खाँसाहेब, एक पंडित; शिकणाऱ्याने कधी फरक केला नाही.

रफी तेरा वर्षांचे असतानाची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. लाहोरला त्या काळचे सर्वांत लोकप्रिय गायक कुंदनलाल सैगल यांचा कार्यक्रम होता. ऐन वेळी वीज गेली. ध्वनिवर्धक बंद पडल्यामुळे सैगल गाईनात आणि लोक गलका करू लागले. तेव्हा हमीद यांनी या मुलाला पुढे केले. त्या कोवळ्या पण खणखणीत आवाजाने गर्दी शांत झाली. श्रोत्यांत संगीतकार श्यामसुंदर बसले होते. त्यांनीच पुढे 'गुल बलोच' या पंजाबी चित्रपटात रफींना पहिले गाणे दिले.

मुंबईची दहा फुटांची खोली

१९४४ साली रफी हमीदभाईंबरोबर मुंबईला आले. भेंडीबाजारात दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी खोली भाड्याने घेऊन दोघे राहू लागले. शायर तन्वीर नकवी यांनी त्यांची चित्रपट निर्मात्यांशी ओळख करून दिली. १९४५ च्या 'गाँव की गोरी' या चित्रपटात त्यांचा आवाज हिंदीत आला. परंतु सुरुवातीला बहुतेक वेळा ते चार लोकांत उभे राहून साथ देणारे गायक होते.

नौशाद यांच्या संगीतातील 'पहले आप' या चित्रपटात सैनिकांच्या संचलनाचे एक समूहगीत होते. पावलांचा आवाज खरा वाटावा म्हणून गाणाऱ्यांना लष्करी बूट घालून पाय आपटत गायला सांगण्यात आले. ध्वनिमुद्रण संपले तेव्हा रफींच्या पायांतून रक्त येत होते, असे सांगतात. त्यांनी कोणाकडे तक्रार केली नव्हती. आजकाल पहिल्याच पायरीवर नाव आणि हार मागणाऱ्या तरुणांना ही गोष्ट जरूर सांगावी.

१९४७ साली 'जुगनू' चित्रपटातील नूरजहाँ यांच्याबरोबरचे त्यांचे द्वंद्वगीत घरोघरी पोहोचले. त्या चित्रपटाचे संगीतकार होते त्यांचेच लाहोरचे गुरू फिरोज निझामी. त्याच वर्षी देशाची फाळणी झाली. नूरजहाँ पाकिस्तानात गेल्या, निझामीही गेले. लाहोर, जेथे रफी वाढले, ते परदेश झाले. रफी मात्र मुंबईतच राहिले. त्यांचे पहिले लग्न या उलथापालथीत टिकले नाही, कारण पत्नी भारतात राहायला तयार नव्हती. पुढे बिल्किस बानो यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि अखेरपर्यंत त्यांनी सुखाचा संसार केला.

१९४८ च्या जानेवारीत गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर राजेंद्रकृष्ण यांनी लिहिलेले आणि हुस्नलाल-भगतराम यांनी संगीत दिलेले बापूंच्या जीवनावरील दीर्घ गीत रफींनी गायले. ते ऐकून पंडित जवाहरलाल नेहरूंनी त्यांना आपल्या घरी गायला बोलावले आणि त्याच वर्षीच्या स्वातंत्र्यदिनी त्यांना रौप्यपदक दिले. तेव्हा रफींचे वय अवघे तेवीस होते.

यानंतरचा त्यांचा प्रवास सर्वांना माहीत आहे. १९५२ च्या 'बैजू बावरा'ने त्यांना शिखरावर नेले. त्या चित्रपटातील मालकंस रागातले कृष्णभजन आजही देवळांतून गायले जाते. ते लिहिणारे शकील बदायुनी, संगीत देणारे नौशाद आणि गाणारे रफी, तिघेही मुसलमान. पुढे 'चौदहवीं का चाँद', 'ससुराल', 'दोस्ती', 'सूरज', 'ब्रह्मचारी' आणि 'हम किसीसे कम नहीं' या सहा चित्रपटांतील गीतांसाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिके मिळाली. १९६७ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

भेटलेल्यांनी सांगितलेल्या गोष्टी

पारितोषिकांची यादी कोणत्याही पुस्तकात सापडेल. भेटलेल्या माणसांनी जपून ठेवले ते वेगळेच.

निसार बझ्मी हे संगीतकार मुंबईत नवखे होते. रफींसारख्या गायकाला देण्याइतका पैसा त्यांच्याजवळ नव्हता. रफींनी त्यांच्याकडून एक रुपया घेतला आणि गाणे गायले. फुकट गायले असते तर उपकार झाला असता. एक रुपया घेतल्यामुळे तो व्यवहार राहिला आणि त्या गरीब संगीतकाराची मान ताठ राहिली. मदत करतानाही समोरच्याची लाज राखावी, हे शहाणपण मोठ्या विद्यापीठांतही शिकवले जात नाही.

लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीची कथा तशीच. त्यांतले लक्ष्मीकांत म्हणजे आपले कुडाळकर. उमेदवारीच्या काळात या दोन पोरांनी रफींना मानधन दिले, तेव्हा त्यांनी ते हातात घेतले आणि आशीर्वाद म्हणून दोघांत वाटून घ्या असे सांगून परत केले. पुढे या जोडीचे नाव झाले आणि त्यांच्या संगीतात रफींनी साडेतीनशेहून अधिक गाणी गायली. 'दोस्ती' हा त्यांचाच चित्रपट.

महेंद्र कपूर तर आधी रफींचे भक्त होते, गायक नंतर झाले. कोवळ्या वयात ते रफींच्या घरी पोहोचले आणि रफींनी त्यांना आपलेसे केले. उद्या हा मुलगा आपल्याच पंक्तीला येऊन बसेल, अशी भीती रफींना शिवली नाही. महेंद्र कपूर शेवटपर्यंत त्यांना गुरू मानत आले. दादा कोंडके यांच्या चित्रपटांतून ज्यांचा मराठी आवाज आपण ऐकला, ते हेच महेंद्र कपूर.

मन्ना डे यांनी सांगितलेली आठवण गोड आहे. दोघेही वांद्र्याकडे राहत आणि दोघांनाही पतंगाचा नाद होता. मन्नाबाबू रफींचा पतंग हटकून काटत आणि रफींना हे कसे घडते याचे लहान मुलासारखे आश्चर्य वाटे. गाण्याच्या क्षेत्रात हे दोघे प्रतिस्पर्धी. पण त्यांची स्पर्धा काय ती गच्चीवर, मांज्याच्या जोरावर चाले. मन्ना डे स्वतः रफींना आपल्यापेक्षा श्रेष्ठ मानीत आणि ते उघडपणे सांगत.

संगीतकार ओ. पी. नय्यर वेळेचे फार कडक होते. एकदा रफी दुसऱ्या संगीतकाराच्या ध्वनिमुद्रणात अडकून उशिरा आले. नय्यर रागावले, काम रद्द केले आणि पुढे काही वर्षे दोघांनी एकत्र काम केले नाही. मग एक दिवस रफी आपण होऊन नय्यर यांच्या दारात उभे राहिले. नय्यर यांचे डोळे भरून आले. आपला अहंकार रफींनी आधी सोडला आणि म्हणून ते आपल्यापेक्षा मोठे ठरले, अशी कबुली त्यांनी पुढे दिली. आपल्या घरांत भावाभावांचे अबोले पंधरा-पंधरा वर्षे चालतात. दोघेही दुसऱ्याच्या पावलाची वाट पाहत म्हातारे होतात.

रफी स्वतःही कोणाचे तरी भक्त होते, हे फार थोड्यांना माहीत असेल. मुष्टियुद्धाचे त्यांना वेड होते. अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना त्यांची इच्छा एकच, की मोहम्मद अलींना भेटायचे. ती भेट घडवून आणण्यात आली. त्या दोघांचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. हजारो लोक ज्याच्या एका सहीसाठी रांग लावत, तो माणूस त्या दिवशी स्वतःच्या आवडत्या वीराला भेटून हरखून गेला होता. भक्ताच्या मनात काय चालते हे ज्याला ठाऊक आहे, तो दाराशी आलेल्या भक्ताला कसा परत पाठवील?

आणखी एक कथा सांगतात. एका विधवा बाईला दर महिन्याला मनीऑर्डर येत असे. पाठवणारा कोण हे तिला कधी कळले नाही. रफी गेले आणि पैसे यायचे थांबले. तिने टपाल कचेरीत जाऊन चौकशी केली, तेव्हा तिला पाठवणाऱ्याचे नाव कळले. अशा गोष्टी थोर माणसांभोवती जमतातच, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे. पण कोणाभोवती कोणत्या गोष्टी जमतात, यावरूनही माणूस कळतो.

रुसवे आणि वाद

रफी हे देवदूत होते असे मी म्हणणार नाही. वर्गात थोर पुरुषांची चरित्रे शिकवताना आपण त्यांचे दोष झाकतो आणि मग मुलांना ती माणसे खरी वाटत नाहीत.

१९६० नंतरच्या काळात लता मंगेशकर यांनी गायकांसाठी एक मागणी केली. गाण्याच्या तबकड्या विकल्या जातात, त्याच्या उत्पन्नातला काही वाटा गायकालाही मिळाला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. रफींचे मत निराळे होते. निर्मात्याने एकदा ठरलेले पैसे दिले की आपले काम संपले, असे ते मानीत. यावरून दोघांत तेढ आली आणि जवळजवळ चार वर्षे त्यांनी एकत्र गाणे गायले नाही. १९६७ च्या सुमारास पुन्हा समेट झाला.

आज मागे वळून पाहिले तर या प्रश्नावर लताबाईंची बाजू अधिक बळकट होती असे मला वाटते. रफींचे म्हणणे त्यांच्या संतोषी स्वभावाला धरून होते. परंतु स्वतःला काही नको असणे हा एक गुण आहे आणि दुसऱ्याचा हक्क मागणे हाही एक गुण आहे. ज्या गायकांना फार काम मिळत नव्हते, त्यांना म्हातारपणी त्या पैशाचा आधार झाला असता. पुढे २०१२ साली भारतातल्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि गायकांचा वाटा मान्य झाला. कोणाचेही वाईट न चिंतणारा माणूस एखाद्या प्रश्नावर चुकू शकतो, एवढेच यावरून समजावे.

१९७७ साली गाण्यांच्या संख्येवरून आणखी एक कटकट झाली. सर्वांत जास्त गाणी गाणारी व्यक्ती म्हणून गिनेसच्या पुस्तकात लताबाईंचे नाव छापले गेले होते. रफींनी त्याविरुद्ध पत्र लिहिले. एरवी कशाचीही हाव नसलेल्या माणसालाही कुठेतरी काटा टोचला. मला तर ही गोष्ट वाचून रफी अधिकच जवळचे वाटले.

पडती बाजू

१९६९ साली 'आराधना' आला आणि किशोरकुमार यांच्या आवाजाची लाट उसळली. जवळजवळ वीस वर्षे पहिल्या जागी असलेल्या रफींकडे निर्माते कमी येऊ लागले. त्याच सुमारास ते हजला जाऊन आले. गाणे हे धर्माला मान्य नाही असे त्यांना कोणीतरी सांगितले आणि काही काळ त्यांनी गाणे थांबवले. नौशाद आदी मित्रांनी समजूत घातली, तेव्हा ते परत आले.

अशा वेळी माणूस कडवट होतो. ज्याच्यामुळे आपली जागा गेली त्याच्या नावाने बोटे मोडतो. रफींनी तसे केले नाही. किशोरकुमार स्वतः पडद्यावर असताना पूर्वी 'रागिनी' आणि 'शरारत' या चित्रपटांत रफींनीच त्यांना आवाज दिला होता. तो स्नेह या पडत्या काळातही टिकला. रफी थांबून राहिले, रियाझ करीत राहिले. १९७६ चा 'लैला मजनू', १९७७ चे 'अमर अकबर अँथनी' आणि 'हम किसीसे कम नहीं' यांनी त्यांचा आवाज पुन्हा घरोघर नेला. त्यांतल्या शेवटच्या चित्रपटातील गीतासाठी त्यांना राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते आणि त्यांचा आवाज विशीतल्या नायकाला शोभत होता.

मराठी शिकणारे रफी

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मी लिहायला घेतला तिच्याकडे वळते.

याच काळात, म्हणजे १९७० नंतरच्या दशकात, रफींनी मराठी गाणी गायली. त्यांच्याकडून ती गाऊन घेणारे संगीतकार होते श्रीकांत ठाकरे, प्रबोधनकार ठाकरे यांचे चिरंजीव. वंदना विटणकर यांनी लिहिलेले 'शोधिसी मानवा' हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध गीत. देवाला राऊळात शोधत फिरणाऱ्या माणसाला, तो तुझ्या अंतरीच आहे, अशी आठवण करून देणारे हे भक्तिगीत आहे. पुष्पा पागधरे यांच्याबरोबर त्यांनी एक झकास कोळीगीतही गायले. दर्यावर तुफान आल्याचे ते गाणे ऐकताना, हा गायक पंजाबच्या गव्हाच्या शेतांतून आला आहे, हे ध्यानातही येत नाही.

हे कसे घडले? रफी मराठी नव्हते. त्यांचे लिहिणे-वाचणे उर्दूत होते. श्रीकांत ठाकरे यांना उर्दू येत असे आणि ते मराठी गीत उर्दू अक्षरांत उतरवून देत, असे सांगतात. पण उर्दू लिपीत 'ळ' हे अक्षर नाही. 'ण' नाही. मराठीत 'च' दोन तऱ्हांचा आहे. 'चंद्र' मधला वेगळा आणि 'चांगला' मधला वेगळा. हा भेद नेहमीच्या मराठी लेखनात दाखवला जात नाही, तो कानानेच शिकावा लागतो. म्हणजे पद्मश्री मिळालेला, सहस्रावधी गाणी गायलेला पन्नाशीचा गायक कागद हातात घेऊन उभा राहिला आणि आपल्या भाषेतला एकेक शब्द तोंडात बसवत राहिला. पुढे कोणी हसेल अशी भीती त्याने धरली नाही.

मी शाळेत मराठी शिकवते. आपल्या बेटावरच्या मुलांची खरी जिव्हाळ्याची बोली क्रिओल आहे, अभ्यास इंग्रजी-फ्रेंचमध्ये. मराठी त्यांच्या वाट्याला पुस्तकातून, देवघरातून आणि आजीच्या तोंडून येते. मुले हुशार आहेत. त्यांना शब्द येतात, पण बोलायची लाज वाटते. 'ळ' चा 'ल' झाला की बाकीची मुले हसतात आणि बोलणारे मूल गप्प होते. ते एकदा गप्प झाले की पुष्कळदा जन्मभर गप्प राहते. घरात कोणी वडीलधारे माणूस उच्चारावरून टोमणा मारते तेव्हाही हेच होते. आपली भाषा या बेटावर दीडशेहून अधिक वर्षे टिकली, ती अशा टोमण्यांमुळे खासच नव्हे.

एकदा मी वर्गात रफींचे ते भक्तिगीत लावले. मुलांना सांगितले, हा गायक मराठी नाही, त्याच्या लिपीत 'ळ' हे अक्षरच नाही, आता 'राऊळ' हा शब्द कसा म्हटला आहे ते ऐका. मुलांनी कान देऊन ऐकले. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभर तोंड उघडत नव्हता, तो शब्द हळूच म्हणू लागला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदाही चुकला. पण त्या दिवशी कोणी हसले नाही, कारण ते सगळेच तो शब्द घोळवत होते. तासाच्या घंटेपर्यंत आम्ही एवढा एकच शब्द शिकलो!

आणि हे केवळ मराठीपुरते नव्हते. बंगाली, गुजराती, तेलुगू, इंग्रजी अशा अनेक भाषांत रफी गायले. आपल्या मॉरिशसच्या क्रिओलमध्येही ते गायले आहेत. ज्या बोलीला आपल्यातली काही शिकलेली माणसे अजून कमी लेखतात, ती बोली या मोठ्या गायकाने आदराने तोंडात घेतली. भाषा लहान-मोठी नसते. ती बोलणाऱ्याशी आपण कसे वागतो यावर सारे असते.

अखेरचा दिवस

३१ जुलै १९८० रोजी, रमझानच्या महिन्यात, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने रफींचे निधन झाले. त्यांचे शेवटचे ध्वनिमुद्रण 'आस पास' या चित्रपटासाठी झाले होते, संगीतकार तेच लक्ष्मीकांत-प्यारेलाल. घरच्यांनी सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, त्या दिवशीही बंगालहून आलेली मंडळी त्यांच्याकडून बंगाली गाणी बसवून घेत होती. म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या दिवशीही हा माणूस दुसऱ्याच्या भाषेतले शब्द शिकत बसला होता.

दुसऱ्या दिवशी मुंबईत धो धो पाऊस होता. तरीही अंत्ययात्रेला दहा हजारांहून अधिक माणसे जमली. भारत सरकारने दोन दिवसांचा दुखवटा जाहीर केला. किशोरकुमार त्यांच्या पायांशी बसून रडत होते, असे सांगतात. ज्यांच्यासाठी रफींनी असंख्य गाणी गायली ते शम्मी कपूर त्या वेळी वृंदावनात होते. तुमचा आवाज गेला, असे वाटेत कोणा अनोळखी माणसाने त्यांना सांगितले, तेव्हा त्यांना ही बातमी कळली.

जुहूच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. २०१० साली, नव्या दफनांसाठी जागा हवी म्हणून, तेथील जुन्या कबरी हटवण्यात आल्या. त्यांत रफींचीही कबर गेली. आज तेथे दगड नाही, नाव नाही. तरीही २४ डिसेंबरला आणि ३१ जुलैला चाहते येतात. जवळ एक नारळाचे झाड आहे, त्याची खूण धरून ते जागा ओळखतात आणि तेथे उभे राहतात. २०२४ साली त्यांची जन्मशताब्दी झाली आणि गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातही त्यांचा गौरव झाला. पण मला त्या समारंभांपेक्षा ते नारळाचे झाडच अधिक रफीसाहेबांसारखे वाटते. उंच असून कोणाच्या डोळ्यांवर येत नाही आणि ज्याला हवे त्याला बरोबर सापडते.

वाचकहो, आज संध्याकाळी जेवणाच्या वेळी घरात रफींचे एखादे मराठी गाणे लावा आणि मुलांना त्यातला एखादा शब्द म्हणायला सांगा. चुकला तर हसू नका. आपणही त्यांच्याबरोबर म्हणा.